छावणी उठवणारा माणूस

उरण लोकल खारकोपर सोडून खाडीच्या बाजूला वळते, तेव्हा डब्यातून दोन्हीकडे खाजण, कांदळवन आणि त्यात मध्येच उगवलेले टॉवर दिसू लागतात. १२ जानेवारी २०२४ पासून ही गाडी उरणपर्यंत जाते. पुढे न्हावा शेवा, मग द्रोणागिरी. स्थानकाबाहेर सिडकोने आखलेले सेक्टर, त्यांच्या कडेने कंटेनर यार्डांच्या भिंती, रस्त्यावर ट्रेलरची रांग, आणि मागे द्रोणागिरीचा डोंगर. इथे घर बघायला येणाऱ्या माणसाला दलाल तीन गोष्टी हमखास सांगतो: बंदर, अटल सेतू आणि विमानतळ.

याच तालुक्यात, उरण शहराजवळ बोरी पाखाडीला एक वस्ती आहे. ती कुणी दाखवायला नेत नाही. तिचं नाव हनुमान कोळीवाडा. जुन्या शेवा गावातली २५६ कुटुंबं न्हावा शेवा बंदरासाठी १९८०च्या दशकात उठवली गेली आणि इथे तात्पुरती म्हणून आणून बसवली गेली. २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं. देशातल्या कंटेनर वाहतुकीचं ते मोठं दार ठरलं. ज्यांच्या किनाऱ्यावर ते उभं राहिलं ती माणसं मात्र अजून संक्रमण शिबिरातच मोजली जातात. तिथे जन्मलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत.

जगभरच्या निर्वासित छावण्यांत काम करणाऱ्या संस्थांकडे एक हुद्दा असतो, प्रोटेक्शन ऑफिसरचा. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, या हुद्द्याच्या आधारावरच उभी आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पंचविशी-तिशीतली मुलंमुली असतात. कुणी कायदा शिकून आलेलं, कुणी समाजकार्य. मुंबईच्या महाविद्यालयांतूनही अशी मुलं बाहेर पडतात. त्यांचं काम जवळून पाहिलं, आणि मग महाराष्ट्रातल्याच जुन्या छावण्यांकडे पाहिलं, की एक गोष्ट स्पष्ट होते. तंबू ठोकणारे, धान्य वाटणारे, फोटो काढणारे पुष्कळ मिळतात. छावणी उठवायची जबाबदारी ज्याच्या नावावर लिहिलेली आहे असा माणूस असला, तर छावणी संपते. नसला, तर तिचं गाव होतं, पण गावाचे हक्क न मिळालेलं गाव.

खुर्ची, टेबल आणि यादी

या कामाचं नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे हेल्मेट आणि जाकीट येतं. प्रत्यक्षात कनिष्ठ अधिकाऱ्याचा बहुतेक दिवस एका टेबलामागे जातो. समोर रांग असते. एकेक कुटुंब येतं. नाव, वय, गाव, कोण बरोबर आलं, कोण मागे राहिलं, कोण वाटेत हरवलं, हे सगळं नोंदवायचं. नोंद झाली की कार्ड मिळतं, कार्डावर शिधा मिळतो, आणि पोलिसांनी हटकलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत तर निर्वासित दुकानात बुबुळ दाखवून किराणा घेतात. यादीत नाव नसलेला माणूस त्या छावणीत उपाशी राहू शकतो. म्हणून यादी हीच पहिली संरक्षणाची गोष्ट.

रांगेतच पुढचं काम सुरू होतं. दहा वर्षांचा मुलगा 'काका'बरोबर आला आहे, पण काकाला त्याच्या आईचं नाव सांगता येत नाही. एक बाई नवऱ्यासमोर प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालते. अशांना बाजूला, वेगळ्या खोलीत, वेगळ्या दुभाष्याकडे न्यायचं असतं. दुभाषी कोण याला फार महत्त्व. छळ करणाऱ्या जमातीचाच दुभाषी बसवला तर माणूस खरं बोलत नाही. एकट्या सापडलेल्या मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं हे एका माणसाच्या मनावर सोडत नाहीत. त्याचं हित कशात आहे याची लेखी तपासणी होते, आणि निर्णय समितीने घ्यायचा असतो.

संध्याकाळी हाच अधिकारी छावणीत फिरतो आणि संडास मोजतो. मदतकार्यात जगभर 'स्फिअर' नावाची मानकं पाळली जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, नळ पाचशे मीटरच्या आत. कागदावर हे अभियंत्याचं काम वाटतं. पण संडास लांब आणि वाटेवर दिवा नाही, तर रात्री बायका जात नाहीत, आणि गेल्या तर त्यांच्यावर हल्ले होतात. म्हणून दिवा कुठे लावायचा हा प्रश्न प्रोटेक्शन ऑफिसरच्या वहीत येतो. त्याच वहीत तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे, शिधा वाटणारा कुणाकडून काय मागतो, कुठल्या बाळाचा जन्मदाखला राहिला, हेही असतं.

या नोकरीत शिकवली जाणारी पहिली शिस्त म्हणजे वचन न देणं. कॅनडाला पाठवतो, उद्या कार्ड देतो, असलं काही तोंडातून जाता कामा नये. दुसरी शिस्त गुप्ततेची. ऐकलेली कहाणी घरीही सांगायची नाही.

आणि तिसरी गोष्ट या सगळ्याच्या वर असते. निर्वासितपण संपायचे तीन मार्ग मानले जातात: स्वखुशीने मायदेशी परतणं, आसरा दिलेल्या देशातच रुजणं, किंवा तिसऱ्या देशात जाऊन वसणं. तिसरा मार्ग दरवर्षी जगातल्या एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांना मिळतो. तरी प्रत्येक कुटुंबाच्या फाइलवर यापैकी एक उत्तर लिहिलं जावं यासाठीच बाकीची खटपट असते. पाच वर्षांहून अधिक काळ अडकून पडलेल्या मोठ्या निर्वासित समूहाला यूएनएचसीआर 'रेंगाळलेली परिस्थिती' मानते. बोरी पाखाडीला ही मोजपट्टी लावायची तर चाळीस वर्षांना पाचाने भागावं लागेल.

वळिवड्याचे पोलिश

महाराष्ट्रात परदेशी निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि ठरवून उठवली गेली, याचं उत्तम उदाहरण कोल्हापूरजवळ आहे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केली. जुलै १९४१च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर त्यांची सुटका झाली. पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर बायका-मुलं १९४२ मध्ये कॅस्पियन ओलांडून इराणात आली, आणि तिथून काही कराचीमार्गे भारतात. काठियावाडातल्या नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांसाठी छावणी दिली. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. त्यात बायका आणि मुलंच जास्त.

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गाच्या कडेला बराकी उभ्या राहिल्या. प्रत्येक कुटुंबाला खोल्या, ओटा, स्वयंपाकाची जागा. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा मंच, बालवीरांची पथकं. आजूबाजूच्या गावांतले लोक भाजी, दूध, अंडी घेऊन यायचे. पोलिश बायका बाजारहाटापुरतं मराठी-हिंदी शिकल्या.

या छावणीभोवती अधिकाऱ्यांची साखळी होती. भारत सरकारचे प्रमुख निर्वासित अधिकारी कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब होते. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत युजेनिउश बनासिन्स्की, आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का, ज्या पुढे भारतातच राहिल्या. लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार खर्च उचलत होतं. जुलै १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांनी त्या सरकारची मान्यता काढली. एका रात्रीत या माणसांचा देश कागदावरून गेला. तरी छावणी वाऱ्यावर सोडली नाही. आधी संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांनी जबाबदारी घेतली.

बालाचडीच्या अनाथ मुलांना नव्या साम्यवादी पोलंडमध्ये सक्तीने परत पाठवलं जाईल अशी भीती होती. तेव्हा जामसाहेबांसह तिघांनी त्या मुलांना कायद्याने दत्तक घेतलं आणि परतपाठवणी रोखली. छळाची भीती असलेल्या जागी माणसाला परत ढकलायचं नाही, हे तत्त्व जिनिव्हाच्या निर्वासित करारात १९५१ मध्ये आलं. त्याच्या काही वर्षं आधी काठियावाडात ते एका दत्तकपत्राने पाळलं गेलं होतं. १९४६ मध्ये ही मुलं वळिवड्याला आली. १९४८ पर्यंत कुटुंबागणिक ठिकाण ठरलं: कुणी ब्रिटन, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्या, थोडे मायदेशी. बराकी रिकाम्या झाल्या.

रिकाम्या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. सिंधमधून आलेले फाळणीचे निर्वासित तिथे आले, आणि त्यांचं गांधीनगर झालं. कोल्हापुरातला ग्राहक आजही घाऊक कापडासाठी तिथेच जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली, तेव्हा वळिवड्याचं नाव बातम्यांत आलं. छावणीत वाढलेली मुलं म्हातारपणी कृतज्ञतेने परत येतात, याचं एक कारण असं की त्यांना तिथून सन्मानाने निघता आलं होतं.

कॅम्प नंबर एक ते पाच

कल्याणजवळचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ १९४७ नंतर सिंधी निर्वासितांना देण्यात आला. पाच भाग, हजारो बराकी, लाखाच्या घरात माणसं. इथल्या माणसांना कुठेच परत जायचं नव्हतं. त्यामुळे छावणी उठवायची म्हणजे तिथेच नगर करायचं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला १९५० मध्ये कायदा झाला, भरपाई आणि पुनर्वसनासाठी १९५४ मध्ये दुसरा. निर्वासिताने दावा भरायचा, अधिकाऱ्याने तपासायचा, आणि बदल्यात घर किंवा भूखंड मिळायचा. पुढे नगरपालिका झाली, १९९६ मध्ये महानगरपालिका. लोक अजूनही पत्ता 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगतात, आणि जमिनीच्या सनदेचे वाद अजून मिटलेले नाहीत. पण त्या पत्त्यावर मतदान होतं, कर्ज मिळतं, दुकानाचा परवाना मिळतो.

मुंबईतल्या समाजकार्याच्या शिक्षणाचाही या काळाशी संबंध आहे. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल म्हणून सुरू झालेल्या, आणि पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालेल्या संस्थेतून विद्यार्थी-शिक्षकांची तुकडी फाळणीच्या वेळी कुरुक्षेत्राच्या छावणीत कामाला गेली. देवनारच्या आवारातून आज आपत्तीच्या ठिकाणी जाणारी मुलं त्याच वाटेने जातात.

फाळणीने आपल्याला चुकीच्या संरक्षणाचाही धडा दिला आहे. पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या स्त्रियांनी जिवावर उदार होऊन ते काम केलं. पण कायद्यात त्या स्त्रीच्या संमतीला जागा नव्हती. नव्या घरात रुजलेल्या, मुलं झालेल्या बाईलाही 'परत' पाठवता यायचं, आणि वाद उठला तर निकाल लवादाने द्यायचा. कमलाबेन यांनी आपल्या आठवणींत ही ओढाताण लिहून ठेवली आहे. आज कनिष्ठ अधिकाऱ्याला पहिल्याच प्रशिक्षणात सांगतात, की बाईला विचारल्याशिवाय तिच्यासाठी काहीही करायचं नाही. ते सूत्र अशा चुकांच्या किमतीवर तयार झालं आहे.

कार्डाचं नूतनीकरण

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. शेती, गोठे, शाळा, मठ, आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाणारी माणसं. तिथल्या तिबेट्यांकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. ते ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारतीय नागरिक ठरतो. हे कलम तिबेट्यांनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०च्या निकालात मानलं. म्हणजे एकाच घरात थोरल्या भावाला पासपोर्ट मिळू शकतो आणि धाकट्याला नूतनीकरणाची रांग.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परदेशी माणसांना लागू होणारा १९४६चा कायदा होता, त्याच्या जागी सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा आला. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहतं. म्यानमार, अफगाणिस्तानातून आलेल्यांची नोंद दिल्लीचं यूएनएचसीआर कार्यालय करतं. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. भारतातल्या प्रोटेक्शन ऑफिसरच्या हातात त्या निकालाचा आधार, ओळखपत्र आणि पोलिस ठाण्यापर्यंतची पायपीट एवढीच हत्यारं असतात.

पाण्याला सातबारा नसतो

शेव्याच्या कोळ्यांनी कुठलीही सीमा ओलांडली नाही, म्हणून कायद्याने ते निर्वासित नाहीत. आपल्याच देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. सार्वजनिक हिताची सबळ गरज सिद्ध न करता मोठ्या विकासप्रकल्पांसाठी लोकांना उठवणं, हेही त्यात मनमानी विस्थापनात धरलं आहे. ही तत्त्वं बंधनकारक नाहीत. पण त्यांची फूटपट्टी घेऊन बोरी पाखाडीला गेलं तर काय दिसतं?

आधी आजूबाजूचा इतिहास. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरण तालुक्यात रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. द्रोणागिरीतल्या कित्येक इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. आगरी शेतकऱ्याकडे सातबारा होता, त्यामुळे त्याच्या भांडणाला मोजमाप मिळालं.

कोळ्याकडे काय होतं? खाडी, खाजण, होडी लावायची जागा, जाळी वाळवायचं अंगण. भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात निवट्या, खेकडे, कालवं. हे सगळं वापरात होतं, नावावर नव्हतं. शेव्याच्या २५६ कुटुंबांपैकी ८६ शेतकरी धरली गेली आणि १७० बिगरशेतकरी. दुसऱ्या रकान्यात ज्याचं नाव गेलं त्याच्या पाण्यातल्या हक्काला रकानाच नव्हता. नोंदणीच्या टेबलावरची ही पहिली गफलत. निर्वासित छावणीत कनिष्ठ अधिकाऱ्याला शिकवतात की माणसाचं उपजीविकेचं साधन त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. इथे आधी रकाने ठरले आणि मग माणसं त्यात बसवली.

दुसरी गोष्ट जागेची. गावठाणाला सुमारे १७ हेक्टर जागा मिळायला हवी होती, प्रत्यक्षात हातात दोन हेक्टरच्या आसपास आली, असं ग्रामस्थ सतत मांडत आले आहेत. घरं एकमेकांना चिकटलेली. त्यातच वाळवी. दारं, चौकटी, वासे पोखरले गेले. बातम्यांत या वस्तीला 'वाळवीग्रस्त गाव' हे नाव पडलं. घर दुरुस्त करायचं तर संक्रमण शिबिरावर खर्च कशाला, आणि नवं बांधायचं तर जागा कुठे, या दोन प्रश्नांत एक पिढी गेली. कुटुंबं वाढली, यादी मात्र २५६चीच राहिली. मुलगा लग्न करून वेगळा झाला तर त्याला घर कोणत्या नोंदीवर मिळणार? छावण्यांत यासाठी यादी ठरावीक काळाने ताजी करतात: जन्म, लग्न, मृत्यू, विभक्त कुटुंब. आपल्याकडे पुनर्वसनाची यादी एकदाच होते आणि मग तीच प्रमाण मानली जाते.

तिसरी गोष्ट कागदाची. प्रकल्पग्रस्ताचा दाखला हा इथला सगळ्यात मोलाचा कागद. शासकीय नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण तो दाखला एका कुटुंबातल्या एकालाच उपयोगी पडतो. तो थोरल्याने घ्यायचा की शिकलेल्या धाकटीने, यावरून घरं फुटतात. पनवेलचं 'मेट्रो सेंटर' हे भूसंपादन कार्यालय, अलिबागचं जिल्हाधिकारी कार्यालय, बंदराचं प्रशासन, सिडको, मंत्रालय, असा एका कागदाचा प्रवास. बंदर केंद्राचं, पुनर्वसन राज्याचं, नगररचना सिडकोची. तिघांपैकी कुणाच्याही टेबलावर 'हे शिबिर अमुक तारखेला बंद करणे' अशी फाइल पडलेली नाही.

चौथी गोष्ट दाद मागण्याची. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या विस्तारामुळे झालेल्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात याचिका केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यात ७० टक्के वाटा बंदराचा, २० टक्के ओएनजीसीचा, १० टक्के सिडकोचा. हनुमान कोळीवाड्याबरोबर उरण, गव्हाण, बेलपाडा इथले कोळीही त्यात होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल महत्त्वाचा, कारण खाडीत मासे मारण्याचा वहिवाटीचा धंदा बुडाला तर त्याची किंमत मोजावी लागते, हे त्यात मान्य झालं. सातबारा नसलेल्या पाण्याला एक रकाना मिळाला. पण तो मिळवायला लोकांना स्वतः न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं.

अर्ज, मोर्चे, बैठका करून भागलं नाही तेव्हा कोळ्यांनी होड्या काढल्या आणि बंदरात येणाऱ्या जहाजांचा मार्ग अडवायचं आंदोलन केलं. लाख टनांच्या जहाजापुढे एका लाकडी होडीने उभं राहायचं. तसं केल्यावर मात्र अधिकाऱ्यांच्या बैठका लागल्या. छावणीतली तक्रारपेटी कुणी उघडत नसेल, तर माणसं अशीच समुद्रात उतरतात.

इर्शाळवाडीचे डबे

याच रायगड जिल्ह्यात वेगळा अनुभवही आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवण्यात आला. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं. न्हावा शेव्याला जहाजातून उतरतात त्याच घडणीचे डबे. उन्हाळ्यात आत भाजायचं, पण तिथे पाणी, वीज आणि अंगणवाडी होती. सिडकोला घरं बांधायला सांगितलं गेलं आणि ४४ घरं उभी राहिली. रानावर जगणाऱ्या ठाकरांना रस्त्याकडेच्या वसाहतीत उपजीविका कशी मिळणार, हा प्रश्न शिल्लक आहेच. तरी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. डबा तात्पुरता आहे हे सगळ्यांनी धरून ठेवलं, आणि घर कुणी बांधायचं ते एका संस्थेच्या नावावर लिहिलं गेलं.

कोळीवाड्यासाठी हे का झालं नाही, याचं एक उत्तर कटू आहे. दरड एका रात्रीत पडते, तिच्याकडे साऱ्या देशाच्या कॅमेऱ्यांचं लक्ष जातं. बंदर हळूहळू वाढतं, आणि वाढताना रोजगार, महसूल, अभिमान घेऊन येतं. त्याच्या कडेला बसलेल्या अडीचशे घरांवर अन्याय झाला असं म्हणणारा माणूस विकासविरोधी ठरतो. निर्वासितांच्या छावणीत निदान एक कनिष्ठ अधिकारी असतो, ज्याला पगारच यांच्या बाजूने अहवाल लिहिण्याचा मिळतो.

आपल्याकडे ही खुर्ची कुठे?

२०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं सक्तीने विस्थापित झालेली होती. त्यात संघर्ष, छळ आणि हिंसाचारामुळे उठलेलेच धरले आहेत. धरण, बंदर, विमानतळ यांच्यासाठी उठलेले त्यात नाहीत. आणि नेमक्या याच वेळी मदतीचा पैसा आटला. यूएनएचसीआरने २०२५ मध्ये सुमारे ३,५०० पदं कमी केली. या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी वाट आधीही अरुंद होती. संयुक्त राष्ट्रांतली कनिष्ठ व्यावसायिक अधिकाऱ्यांची पदं मुख्यतः श्रीमंत देशांची सरकारं आपल्या नागरिकांसाठी पुरस्कृत करतात. भारतीय मुलं बहुधा संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक म्हणून किंवा सहयोगी संस्थांमधून आत शिरतात.

पण हे कसब वापरायला बांगलादेशातलं कॉक्स बाझार किंवा केनियातलं दादाब गाठायलाच हवं असं नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्यात पुनर्वसन व पुनर्वसाहतीसाठी प्रशासक नेमण्याची तरतूद आहे, त्याच्यावर आयुक्त आहे. म्हणजे खुर्ची कायद्यात आहे. मात्र तिच्यावर बहुधा महसूल खात्यातला अधिकारी अतिरिक्त कार्यभार म्हणून बसतो आणि दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याच्या हाताखाली वस्तीत रोज बसणारा, लोकांची बोली जाणणारा, बायकांशी वेगळं बोलू शकणारा, दरवर्षी यादी ताजी करणारा कुणी नसतो. जिल्ह्यात असे पाच-सहा तरुण नेमायला एखाद्या बंदराच्या एका दिवसाच्या उत्पन्नाहून जास्त खर्च येणार नाही.

हे सुचवायची वेळ आत्ताची आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण ७४ टक्के भागीदारीने पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर उभारत आहे. ३० ऑगस्ट २०२४ला त्याची पायाभरणी झाली, खर्च ७६,२२० कोटी रुपये धरला आहे. बंदर समुद्रात भराव घालून होणार, त्यामुळे गाव उठवावं लागणार नाही, असं सरकार सांगतं. डहाणूपासूनच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना भीती आहे ती पाणी जाण्याची. शेव्यातही खरं नुकसान पाण्यातच झालं होतं.

तेव्हा भरावाचं काम पुढे जाण्याआधी चार गोष्टी लेखी व्हायला हव्यात. किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार कुठे, कोणत्या जाळ्याने, कोणत्या मोसमात मासे धरतो याची त्याच्याच तोंडून घेतलेली नोंद. ती यादी दरवर्षी ताजी करण्याचं बंधन. वस्तीत रोज बसणारा अधिकारी, ज्याला बंदराकडून नव्हे तर बाहेरून पगार मिळेल. आणि कुणाला तात्पुरतं हलवलंच, तर ते कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख उलटली तर दर दिवसाचा दंड कुणी भरायचा. बोरी पाखाडीच्या २५६ कुटुंबांच्या कागदात ही चौथी ओळ असती, तर त्यांची फाइल इतकी वर्षं उघडी राहिली नसती. ती ओळ त्यांच्या कागदात आजही घालता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, बंदर, राज्य आणि सिडको या तिघांची एकाच पानावर सही लागते.